भिंत नकाशात आहे, घरात नाही

बँकेचा व्हॅल्युअर येणार म्हटलं की आमच्या दहिसरमध्ये लोक आधी रंगारी बोलावतात. आमच्या मजल्यावरच्या काकांनीही तेच केलं. फ्लॅट विकायला काढला होता, घेणाऱ्याचं गृहकर्ज मंजुरीच्या वाटेवर होतं. काकांनी हॉलला नवा रंग दिला, काकूंनी पोहे भिजवले. माणूस आला, पोहे नको म्हणाला, लेझरच्या टेपने खोल्या मोजू लागला आणि हॉलच्या मधोमध येऊन थबकला.

‘‘काका, नकाशात इथे भिंत आहे.’’

‘‘ती आम्ही पंच्याण्णवला पाडली.’’

फाइल तिथेच बसली.

जोडफ्लॅट हा आमच्या उपनगरांचा जुना शौक. शेजारचा वन-रूम-किचन मिळाला की मधली भिंत काढायची आणि एक दार कायमचं बंद करून तिथे कपाट ठोकायचं. राहायला झकास, पण मंजूर नकाशात घरं दोन, शेअर सर्टिफिकेटं दोन, विजेची मीटरं दोन. कागदात लिहिलेलं घर आणि आपण उभे आहोत ते घर एकच आहे का, हे व्हॅल्युअर आधी बघतो. किंमत त्यानंतर. आत घेतलेली बाल्कनी, सरकवलेलं स्वयंपाकघर, पोटमाळा हे सगळं त्याच्या नोंदीत उतरतं. तो विचारण्याआधीच ‘हा बदल असा झाला, ही सोसायटीची परवानगी, हे महापालिकेचं पत्र’ म्हणून कागद पुढे ठेवला, तर निदान दुसरी फेरी वाचते. आमच्याकडे हे काम आर-उत्तर विभागाच्या कार्यालयात. तिथले हेलपाटे घर विकायला काढण्याआधी घालावेत. घेणारा घाईला आल्यावर नव्हे.

एवढी धास्ती कशासाठी, तर रकमेसाठी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही मर्यादा. बँक सहसा करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी ती धरते. सौदा ९० लाखांचा ठरला आणि अहवालात ८२ लाख आले, तर ८० टक्क्यांनी कर्ज ७२ लाखांऐवजी ६५ लाख ६० हजार. मधले सहा लाख चाळीस हजार घेणाऱ्याने आणायचे कुठून? तो पहिला फोन तुम्हालाच करतो.

आता कागद. सर्वांत जास्त वेळ जातो तो करारांच्या साखळीत. बिल्डरकडून पहिला मालक, त्याच्याकडून दुसरा, मग तुम्ही. मधली एक कडी हरवली की शोधाशोध सुरू. नोंदणी झालेला करार असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. नोंदणीच झालेली नसेल तर पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आलीच. त्यातही १० डिसेंबर १९८५ पूर्वीचे करार नाममात्र मुद्रांकावर झालेले असत. ते पाहून नवख्या माणसाच्या भुवया उंचावतात. तेव्हाचा कायदाच वेगळा होता, हे त्याला सांगावं लागतं. या साखळीबरोबर इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा गोषवारा, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची ताजी पावती, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फायलीत ठेवावं. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. ती इमारतीलाच नसेल तर एकट्याने फारसं काही करता येत नाही. पण हे सौद्याच्या आधी कळलेलं बरं.

क्षेत्रफळाचा घोळ तर घरोघरी आहे. जुन्या करारांत बिल्टअप, रेराच्या २०१६च्या कायद्यात कार्पेट, आणि सरकारी दरांचा रेडी रेकनर बोलतो चौरस मीटरमध्ये. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ‘आमचं सहाशेचं घर’ असं लोक ठणकावून सांगतात आणि टेप दाखवते पाचशे. कुणी चोरलेलं नसतं. जुन्या बिल्टअपमध्ये भिंती धरलेल्या असतात, कार्पेटला साधारण वीस टक्के जोडायची रीतच होती.

भाव ठरवायला व्हॅल्युअर आसपासचे ताजे व्यवहार शोधतो. आपल्याच इमारतीत वर्षभरात झालेल्या दोन-तीन विक्रींचे इंडेक्स टू मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सापडतात. ते काढून त्याच्या हातात द्यावेत. एजंटने सांगितलेला आकडा मात्र सांगू नये, त्याला तो पाठ असतो. दहिसरचं गणित त्यालाही सोपं जात नाही. मेट्रो २अ आणि ७ची पहिली गाडी २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला सुटली आणि आनंदनगर, कांदरपाडा, ओवरीपाडा या नावांना वजन आलं. उलट नदीकाठच्या तळमजल्याला २६ जुलै २००५च्या पुराचा प्रश्न अजून विचारला जातो. पश्चिमेला विमानतळ प्राधिकरणाच्या केंद्रामुळे उंचीवर मर्यादा राहिली. तिथे पुनर्विकासाच्या आशेवर वाढवलेला भाव त्याच्यापुढे टिकत नाही.

भेटीच्या दिवशी सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या हाताशी असाव्यात, वॉचमनला सांगून ठेवावं, सेक्रेटरी फोनवर असावेत. दाराची पाटी, मीटर, इमारतीचं नाव यांचे फोटो तो काढतो, चतुःसीमा टिपतो. एक खोली बंद राहिली तर पुन्हा यावं लागतं, आणि ‘पुन्हा’ म्हणजे पुढचा आठवडा.

कर्जाखेरीजही व्हॅल्युअर लागतो. २००१पूर्वी घेतलेलं घर विकताना भांडवली नफ्यावरच्या करासाठी १ एप्रिल २००१ची किंमत धरता येते. इथे व्हॅल्युअर आपण निवडतो, तरी त्या दिवशी नसलेल्या टाइल्स आणि ग्रिल त्यात घुसडू नयेत.

काकांचं काय झालं? सोसायटीचं पंच्याण्णव सालचं ना-हरकत पत्र काकूंच्या पातळांच्या ट्रंकेत सापडलं. महापालिकेची परवानगी कधी घेतलीच नव्हती. शेवटी गवंडी बोलावून भिंत पुन्हा उभी केली, कपाट काढून दार उघडलं, दोन स्वतंत्र करार झाले आणि महिन्याभराने कर्ज मिळालं. किल्ल्या घ्यायला आलेल्या नव्या मालकाने भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि काकांना हळूच विचारलं, ‘‘ही तेव्हा पाडली कुणाकडून होती?’’