जुनी सागवानी खिडकी काढण्याआधी

रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसमुळे जुन्यांना ठाऊक असलेल्या आमच्या ठाकुर्लीत एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "बैठ्या घराच्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवू का?"

मी म्हटलं, आधी टोचून बघा.

सागवान सहसा सगळं कुजत नाही. पाणी साचतं ते चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडावर. तिथे स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला, तर तेवढाच तुकडा कापून नवा सांधता येतो. चांगला सुतार मात्र शोधावा लागतो!

दोन पल्ल्यांची सरकती खिडकी जेमतेम अर्धीच उघडते. जुनी पूर्ण उघडते, आणि झडपांच्या तिरक्या पट्ट्या पावसातही वारा आत घेतात. मे महिन्यात फरक कळतो.

काच हलत असेल तर जुनी लांबी खरवडून खडू आणि जवसाच्या तेलाची नवी भरा.

तुमच्या खिडकीचा फोटो टाका, बघून सांगतो.