फास्टर फेणे यवतमाळला आला तर?

भा. रा. भागवत यांचा मानसपुत्र बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांचा लाडका साहसवीर. पाश्चात्त्य चित्रकथांतील अतिमानवांप्रमाणे फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा आकाशात उडत नाही की मुखवटा धारण करीत नाही. सायकल, चौकस नजर आणि ऐन संकटात तोंडून निघणारा ‘ट्टॉक्’ हा उद्गार एवढीच त्याची सामग्री. आदित्य सरपोतदार यांनी २०१७ साली त्याला मोठ्या पडद्यावर आणले, तेव्हा तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला होता. मित्राचा मृत्यू आत्महत्या म्हणून खपविला जातो आणि त्याचा माग काढताना परीक्षेतील गैरव्यवहार बाहेर पडतो, असे ते कथानक. भागवतांचे अमुक एक पुस्तक न घेता लेखक-दिग्दर्शकांनी नायकाचा स्वभाव तेवढा उचलला, आणि ते योग्यच झाले.

अशा चित्रपटाचा दुसरा भाग कल्पावयाचा झाल्यास काय घ्यावे आणि काय सोडावे? इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घराघरांत पोहोचलेल्या वेताळाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्यावर १९९६ साली निघालेल्या हॉलिवूडच्या चित्रपटाने ली फॉक यांच्या काही कथा एकत्र गुंफल्या. घोडा, कवटीची गुहा, अंगठी असा सारा सरंजाम निष्ठेने मांडला. प्रेक्षक मात्र फिरकला नाही आणि पुढचा भाग निघालाच नाही. याउलट ‘स्पायडरमॅन’च्या २००४ मधील दुसऱ्या भागाने १९६७ च्या एका अंकातील एकच प्रसंग उचलला. थकलेला नायक आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो, तो प्रसंग. मूळ अंकातील खलनायक वगळून चित्रपटात दुसराच आणला गेला. तरीही कथेचा प्राण हरवला नाही. कारण दुसऱ्या भागाला नव्या शत्रूपेक्षा नायकापुढील नव्या पेचाची गरज अधिक असते.

फेणेपुढचा पेच शोधावयास दूर जावयास नको. प्रवेशपरीक्षा दिलेल्या बनेशला पुढच्या भागात कोठल्या तरी वैद्यकीय महाविद्यालयात धाडावेच लागेल. ते यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असले तर? पहिला चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आधीचे तीन-चार महिने यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसे विषबाधेने रुग्णालयात येत होती. शेकडोंवर उपचार झाले, वीसहून अधिक दगावले. कित्येकांची दृष्टी काही काळ अंधुक झाली. मृतांत आणि रुग्णांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे मजूर पुष्कळ होते.

या घटनेत साहसकथेचे बीज आहे, आणि ते ओढूनताणून पेरावे लागत नाही. विषबाधेच्या रोग्याला कोणते औषध द्यावे हे त्याच्या अंगात कोणते विष भिनले यावर अवलंबून असते. काही विषांवर अॅट्रोपिनसारखा उतारा चालतो. काहींवर खास उताराच नाही. पण दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवून फवारलेल्या मजुराला त्यांची नावे ठाऊक असतातच असे नाही, आणि त्याला खाटेवर आणून टाकणाऱ्या नातलगांना तर नाहीच. बाटली राहिलेली असते शेताच्या धुऱ्यावर. ती आणावयाची, आणि तीही लवकर. ‘फास्टर’ या विशेषणाला इतके समर्पक काम कोणत्याही पटकथाकाराला सहजी सुचले नसते.

तथापि बाटली हाती आली की अडचण सुरू होते. पहिल्या चित्रपटात एक अप्पा होता. त्याला पकडले की कथा संपली. येथे कोणाला पकडावयाचे? सल्ला देणारा कृषिसहायक गावात क्वचित फिरकतो, म्हणून शेतकरी दुकानदाराला विचारतो. दुकानदार जे सांगतो तेच विकतोही. बोंडअळीला दाद न देणारे म्हणून जे बियाणे घेतले, त्यावरच गुलाबी बोंडअळी पडलेली. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा वरून तोंडावर येतो. नवे पंप धुक्यासारखे बारीक तुषार उडवितात. हातमोजे आणि मुखपट्टी उन्हात सहन होत नाहीत, बहुधा मिळतही नाहीत. दुव्यामागून दुवा जोडीत जाणारा फेणे अखेर कोणाच्या दारात उभा राहील? पटकथेने येथे एखादा नकली औषधे विकणारा खलपुरुष उभा करून सुटका करून घेतली, तर चित्रपट चालेल, पण फसवणूक होईल. गावठी गुन्हेगार सापडावेत, शिक्षाही व्हावी. परंतु त्यानंतरही दवाखान्यात नवा रोगी दाखल व्हावा, एवढे धैर्य दिग्दर्शकाने दाखवावयास हवे. खलनायक पकडण्यात पटाईत असलेल्या मुलाला प्रथमच न सुटणारे कोडे पडणे, हाच तो पेच.

विदर्भातील शेतकरी मराठी पडद्यावर आला की बहुधा तो मरावयासच येतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा या विषयावरील चांगला चित्रपट. त्यात कर्जात रुतलेला शेतकरी रंगविणारे गिरीश कुलकर्णीच पुढे फेणेच्या चित्रपटात अप्पा झाले, हा एक गमतीदार योगायोग. फेणेच्या निमित्ताने या जिल्ह्याला मरणाखेरीज दुसरीही भूमिका मिळू शकेल. धुऱ्यावरच्या वाटा, कोणत्या दुकानात पावती मिळत नाही, कोणाचा पंप गळतो, हे पुण्याच्या पाहुण्याला कसे कळणार? त्याला राळेगाव-घाटंजीकडचा एखादा जोडीदार, किंबहुना एखादी शाळकरी मुलगी, हवी. तिची वऱ्हाडी बोली हशे वसूल करण्यासाठी न वापरता तिच्याच तोंडी निम्मा तपास द्यावा.

पाठलागाचे दृश्य हवेच असेल, तर यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील, आता बंद पडलेली ‘शकुंतला’ आठवावी. ती धावत असती तर सायकलवरच्या फेणेने तिला बहुधा मागे टाकलेच असते.