साठ जणांत उदयन माने

दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉल रंगला की गडहिंग्लजकर एकेका पासचा हिशेब मांडतात. पण तिथं एकाची चूक सावरायला बाकीचे दहा जण धावतात. गोल्फमध्ये प्रत्येक फटका स्वतःच्याच नावावर लागतो. म्हणूनच पुण्याचा गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये काय करून आला, हे फुटबॉलच्या गावानं समजून घ्यावं असं वाटतं.

गोल्फचा व्यवसाय मोठा निष्ठुर. स्पर्धा साधारण चार दिवसांची. दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो, म्हणजे मागे पडलेले बाहेर. बाहेर गेलेल्याला बहुधा बक्षिसातला रुपयाही मिळत नाही. प्रवास, मुक्काम, कॅडीचा म्हणजे सोबतच्या मदतनिसाचा मेहनताना मात्र त्याच्याच खिशातून जातो. पगार देणारा संघ नाही, करार नाही. मानेनं 2015 मध्ये हा मार्ग धरला आणि देशातल्या व्यावसायिक स्पर्धा एकामागून एक जिंकल्या. डिसेंबर 2019 मध्ये तो जमशेदपूरला जिंकला, फेब्रुवारी 2020 मध्ये हैदराबादला. खेळ असा बहरात असतानाच कोरोनानं स्पर्धा बंद पाडल्या.

ऑलिंपिकची दारं क्रमवारीनं उघडतात आणि जागा फक्त 60. स्पर्धाच नाहीत तर गुण कुठून आणायचे? मार्च 2021 मध्ये त्यानं दिल्ली-एनसीआर ओपन जिंकली, तरी यादीत नाव थोडक्यात हुकलं. पुढे अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि ती जागा मानेला मिळाली. याला कुणी नशीब म्हणेल. मला ते पटत नाही. माघारीचा फायदा दारापाशी पोचलेल्यालाच होतो.

दारापर्यंतची ही वाट कुठूनही सुरू होऊ शकते. आइस हॉकीवेड्या कॅनडात वाढलेला माइक वीअर लहानपणी हॉकीच खेळायचा. त्यानं 2003 मध्ये मास्टर्स ही गोल्फमधली मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक, जिंकली. मेजर स्पर्धा जिंकणारा तो पहिला कॅनेडियन पुरुष. आपल्याकडे एस. एस. पी. चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखायचे, त्यामुळे पोराला मैदान दिसलं. पुढे इंडियन ओपन त्यानं 2016 आणि 2017 अशी सलग दोनदा जिंकली. अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर एकर किंवा त्याहून अधिक जमीन लागते. आपल्या तालुक्यांत एवढी जागा खेळासाठी कोण सोडणार? गुणवत्ता पुष्कळ असते, पण मैदान दिसलंच नाही तर ती आहे हे कळणार कसं?

29 जुलै 2021, टोकियोतली पहिली फेरी. कासुमिगासेकी क्लबचं मैदान 71 पारचं, म्हणजे अठरा होलसाठी 71 फटके अपेक्षित. मानेला लागले 76. त्या रात्री तो 60 जणांत तळाला होता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस 69 फटक्यांत परतला, मग 70, मग 72. अंतिम क्रमांक 56 वा. नोंद तेवढ्याच आकड्याची झाली. पण पहिला दिवस बाजूला ठेवून उरलेल्या तीन फेऱ्यांची बेरीज केली तर ती 211 भरते, पारपेक्षा दोन फटके कमी.