कामठ्याची घडण : बांबू वाकतो, पण मोडत का नाही?

सातपुड्यातील भिल्लांचे बांबूचे धनुष्य म्हणजे कामठा. त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच सालपट्टीची असते.

धनुष्य ओढले की तुमच्याकडची बाजू दाबली जाते आणि लक्ष्याकडची ताणली जाते. लाकडाचे धनुष्य करताना ताणाच्या बाजूचे एक वार्षिक वलय अखंड ठेवतात, कारण तुटलेल्या तंतूपासून भेग पसरते. बांबूत अशी वलये नसतात. त्याचे तंतू बाहेरच्या सालीजवळ सर्वांत दाट असतात. म्हणून साल राखून आतला मऊ भाग तासतात.

पुढचे काम संयमाचे. धनुष्य थोडे वाकवा व दोन्ही बाहूंची कमान पाहा. जेथे ते ताठ आहे, तेथेच खरवडा. एक बाहू ताठ राहिला, तर सगळा ताण दुसऱ्यावर येतो आणि तोच मोडतो. शेवटी कडा गोल करून तेल लावतात. तेलामुळे ओल कमी शिरते.

बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नका. बाणाला मिळायची ऊर्जा धनुष्यातच राहून ते फुटू शकते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकार गुन्हा आहे. सराव गवताच्या लक्ष्यावरच करा.