बुकिंगच्या आधी, बुकिंगच्या नंतर

गुडगावातल्या महागड्या फ्लॅटला गाझियाबादचा फ्लॅट पर्याय ठरू शकतो का? हा प्रश्न दिल्लीत भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला आणि त्याच्या उत्तरातून पुढे ६३० कोटी रुपयांचा दंड झाला. गुडगावच्या एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. घर घेणारी माणसं पर्याय कसे शोधतात आणि कुठे येऊन अडकतात, हे मी रोज फायलींतून पाहत होते. म्हणून हा खटला मला फार जवळचा वाटतो.

डीएलएफ सिटी फेज ५ मधल्या ‘द बेलेअर’ या संकुलातल्या फ्लॅटधारकांची संघटना २०१० मध्ये बिल्डर डीएलएफ कंपनीविरुद्ध आयोगाकडे गेली. बुकिंगच्या वेळी १९ मजली मनोरे सांगितले होते, ते पुढे २९ मजल्यांचे झाले. तेवढ्याच जमिनीवर, तेवढ्याच बागेत आणि रस्त्यांत जास्त कुटुंबं आली. ताबा लांबला. करारातली कलमं एकतर्फी होती. लोकांच्या संतापाचं कारण सरळ आहे, पण आपल्या कायद्यात कंपनी मोठी असणं हा गुन्हा नाही. बाजारात वर्चस्व असेल आणि त्याचा गैरवापर झाला असेल, तरच अशा तक्रारीत आयोग हात घालतो. मग पहिला मुद्दा येतो तो हा की वर्चस्व कुठल्या बाजारात?

इथे पर्यायी वस्तूंचा विचार सुरू होतो. २००२ चा स्पर्धा कायदा म्हणतो की गुणधर्म, किंमत आणि वापर बघून ग्राहक ज्या वस्तू एकीच्या जागी दुसरी घेईल, त्या सगळ्या एका बाजारात धरायच्या. त्या वेळी हे ठरत होतं ग्राहकाच्या नजरेतून. कंपनीचं म्हणणं होतं की बाजार गुडगावपुरता धरणं चूक आहे. आयोगानं ते मानलं नाही. गुडगावात उच्च दर्जाचा फ्लॅट घेऊ पाहणारा माणूस भाव ५ टक्क्यांनी वाढले म्हणून गाझियाबाद, बहादूरगढ किंवा फरीदाबादला जाणार नाही आणि बहुतेक वेळा दिल्लीतही जाणार नाही, असं आयोगाच्या निकालात आहे. जगभर हीच कसोटी वापरतात. भाव थोडा वाढवून बघायचा, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं तर ती दुसरी जागा त्याच बाजारात येते. गिऱ्हाईक जागचं हललं नाही, तर बाजाराची हद्द तिथे संपते.

माझ्या टेबलावरचा अनुभव आयोगाच्या बाजूनं आहे. सायबर सिटीत ऑफिस, मुलं गुडगावातल्याच शाळेत, अशी जोडपी कर्जाला यायची. त्यांच्या पिशवीत चार बिल्डरांची माहितीपत्रकं असायची, ती चारही गुडगावची. तीस लाखांच्या आतलं घर बघणारे मात्र द्वारका, फरीदाबाद, इंदिरापुरम सगळीकडे फिरून आलेले असत. एकाच शहरात, एकाच महिन्यात, उत्पन्नाप्रमाणे बाजाराची हद्द बदलत होती. एक गोष्ट मला आयोगाच्या उत्तरात अपुरी वाटते. गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्याला गुडगावचं असं काही प्रेम नव्हतं, पैसा नोएडात वाढला काय किंवा शेअरमध्ये वाढला काय, त्याला सारखंच. त्या काळात अशी गिऱ्हाइकंही पुष्कळ होती. तरीही तिथे राहायला जाणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांपुढे ठेवून हद्द आखली, हे मला योग्यच वाटतं. कलमं त्यालाच भोवणार होती.

हद्द कुठे आखली, यावर पुढचा हिशेब बदलतो. गुडगावच्या उच्च दर्जाच्या घरांत डीएलएफचा वाटा सुमारे ४५ टक्के आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीचा १९ टक्के, असं आयोगानं धरलं. तोच वाटा देशभरच्या घरांत काढला असता तर नजरेत भरला नसता. अमेरिकेत १९५६ मध्ये नेमकं असंच घडलं. ड्यूपाँ कंपनी देशातला जवळपास तीन चतुर्थांश सेलोफेन बनवत होती. पण मेणकागद, अ‍ॅल्युमिनियम फॉइल वगैरे आवरणाची सगळी साधनं एकत्र धरली, तर तिचा वाटा २० टक्क्यांच्या खाली येत होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोठी हद्द मान्य केली आणि कंपनी सुटली. अर्थतज्ज्ञांनी या निकालावर घेतलेला आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. मक्तेदारानं भाव आधीच इतका चढवून ठेवलेला असतो की गिऱ्हाईक मेणकागदाकडे वळायच्या बेतात असतं. तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं एवढ्यावरून मक्तेदारी नाही, असं म्हणता येत नाही. ते नाइलाजानंही वळत असेल.

पण माझ्या मनातली खरी बोच वेगळी आहे. पर्याय असतात, ते बुकिंगच्या आधी.

त्या काळातली फाइल कशी असायची ते सांगते. वर दोन-तीन पानांचा बुकिंग फॉर्म, त्याला टाचलेली चेकची पावती, मग अलॉटमेंट लेटर, मग डिमांड लेटरं. खरा करार कित्येक महिन्यांनी यायचा. बारीक टायपातली पन्नास-साठ पानं, आणि जिथे सही करायची तिथे रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तोवर ग्राहकाचे बरेच पैसे भरून झालेले. ग्राहकाचा हप्ता चुकला तर चढं व्याज, बिल्डरला उशीर झाला तर चौरस फुटामागे नाममात्र भरपाई, हे त्याला तेव्हा कळायचं. सही नाकारली तर भरलेल्या पैशातली मोठी रक्कम जप्त. माझ्यासमोर बसलेल्या कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी सगळी पानं वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मला विचारलं, “मॅडम, यातलं काही बदलून मिळेल का?” बिल्डरच्या ऑफिसातून उत्तर आलं की मसुदा सगळ्यांना सारखाच आहे. त्यांनी सह्या केल्या. बुकिंगच्या आधी चार बिल्डर त्यांच्या मागे होते, आता ते एकाच्या हातात होते.

आयोगानं १२ ऑगस्ट २०११ च्या निकालात हे अडकणं ओळखलं. मे २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

असं अडकणं घरापुरतं नाही. २०१४ मध्ये आयोगानं १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाबतीत दोषी धरलं. गाडी घेताना डझनभर पर्याय असतात, पण घेतल्यावर तिचा हेडलाइट दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. पटपडगंजच्या एका खासगी रुग्णालयातली सिरिंज बाहेरच्या दुकानात जवळपास निम्म्या किमतीत मिळते, अशी तक्रार २०१५ मध्ये आयोगाकडे आली, आणि २०१८ मध्ये आयोगानं दिल्लीतल्या इतर सुपर स्पेशालिटी रुग्णालयांचीही चौकशी करायला सांगितलं. त्याच वर्षी औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या ४ खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तर काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. मेडिकलचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच असतं. पण आई आयसीयूत असताना, नर्सनं यादी हातात दिल्यावर, कोण रस्ता ओलांडून भाव विचारायला जाईल?

घरांच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्यानं एक फार कामाची गोष्ट केली. नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, आणि प्रकल्पाची नोंदणी करताना कराराचा मसुदाही द्यावा लागतो. माझा भाचा गेल्या वर्षी पुण्यात घर बघत होता. त्याला मी महारेराच्या संकेतस्थळावरून तीन प्रकल्पांचे मसुदे काढायला लावले. आम्ही फोनवर उशिराच्या भरपाईचं आणि बुकिंग रद्द करण्याचं कलम शेजारी शेजारी ठेवून वाचलं. एका बिल्डरकडे त्यानं एक कलम बदलून मागितलं. अजून चेक फाडलेला नव्हता, आणि बिल्डरनं ते बदलून दिलं.