खेळाची बैठक : पब आणि फड

‘पब’ हा शब्द ‘पब्लिक हाउस’ या जोडशब्दाचा संक्षेप होय. लोकांना मुक्तद्वार असलेले घर, हा त्याचा मूळ अर्थ. त्यास नुसता मद्याचा गुत्ता समजणे हे अर्धे ज्ञान ठरेल. वेल्समधील कार्डिफ शहरात रग्बीचे क्रीडांगण ऐन नगरमध्यात आहे. सामन्याच्या दिवशी प्रेक्षक आसपासच्या जुन्या पबांतून पायीच मैदानाकडे निघतात आणि खेळ संपला की तेथेच परततात. दोन्ही पक्षांचे चाहते शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांची थट्टा करतात; रग्बीच्या रसिकांची ही जुनी रीत आहे.

अशा ठिकाणी जाणाऱ्या पाहुण्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. येथे बसल्या जागी पेय मागविण्याची पद्धत सहसा नसते. स्वतः फळीपाशी जावे, हवे ते मागावे आणि पैसे तेथेच चुकते करावे. चारचौघे एकत्र आले असतील तर प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेय आणावयाचे असते. आपली पाळी चुकविणारा गडी तेथे लवकरच हलका ठरतो. मात्र मद्यच घेतले पाहिजे असे नाही. सरबतावर भागविणाऱ्यासही बैठकीत जागा असते.

बैठकीचा आधार पेय की खेळ, हा खरा प्रश्न; आणि त्याचे एक उत्तर हिंदुस्थानातच मिळाले. १८७२ साली नाताळच्या दिवशी कलकत्त्यास इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला व लवकरच तेथे क्लब निघाला. सभासदांना फुकट मिळणारे मद्य पुढे बंद झाले, टेनिस व पोलो यांची ओढ वाढली आणि क्लब ओस पडला. उरलेल्या मूठभर मंडळींनी मात्र शिल्लक रक्कम रोख रुपयांत काढून घेतली, ती चांदी वितळवून चषक घडविला आणि १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस दिला. त्याच ‘कलकत्ता कप’साठी १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड झुंजत आले आहेत. फुकट पेल्यासाठी आलेले गेले; खेळासाठी आलेल्यांची खूण राहिली.

धाराशिव जिल्ह्यात असा पब शोधू जाणे व्यर्थ होय. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या काळी लोक जमण्याचे मद्यस्थान म्हणजे शिंदीखाना. आणि आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन असल्यामुळे तो सरकारी खजिना भरण्याचाच एक मार्ग बनला होता. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा भाग झाला. पिण्याच्या जागेभोवती खेळाची प्रतिष्ठा वाढावी, असे येथे घडले नाही.

येथील खेळाची बैठक तालमीत आणि जत्रेच्या फडात आहे. ताक, तेल व हळद घालून मऊ केलेली तांबडी माती, हलगीचा ठेका, आरंभी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या आणि शेवटी नावाजलेल्या मल्लांची मोठी जोड, असा फडाचा क्रम असतो. मल्लाचे पेय बदामाची थंडाई, रसिकाचे पेय चहा. कुस्ती सुटली की चहाच्या हॉटेलातील बाकावर तीच कुस्ती पुन्हा लढली जाते. ढाक कोठे चुकली, पट कोणी वेळेवर काढला, याचा निवाडा होतो. ‘आज चहा माझ्याकडून’ हीच तेथील पाळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची एक स्पर्धा धाराशिव येथे भरली आणि शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांच्यावर मात करून गदा जिंकली, तेव्हा अशा चर्चेस उधाण न येते तरच नवल.

तथापि या बैठकीतही एक उणीव आहे. पब दीर्घकाळ पुरुषांचेच राहिले. आपला फड आणि हॉटेलाचा बाक यांचीही तीच कथा. परंतु याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी खो-खोमध्ये भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या गावच्या मुली देशासाठी मैदान मारतात, त्या गावच्या मुलींना खेळाविषयी दोन शब्द बोलावयास बाकावर जागा नसावी, हे शोभत नाही. इमारत नको, परवाना नको, मद्य तर नकोच. बसलेल्यांनी थोडे सरकून घेतले की पुरे.