इंजिन एकाचे, रूळ दुसऱ्याचे
शकुंतला आणि माथेरानच्या गाड्यांतून व्यापाऱ्याने काय घ्यावे?

बुलडाणा जिल्ह्यातील व्यापारी बंधूंना जलंब-खामगाव ही छोटी लाइन ठाऊक आहेच. खामगावची कापूस-बाजारपेठ त्या काळी वऱ्हाडात अव्वल मानली जाई. तिथल्या गाठी मुख्य मार्गावर आणण्यासाठी सरकारने ही सुमारे आठ मैलांची शाखा बांधली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते ती सुरू झाली. ती चालविण्याचे काम जी.आय.पी. रेल्वेकडे होते. १९०० साली सरकारने जी.आय.पी. विकत घेतली, १९२५ मध्ये तिचा कारभारही हाती घेतला आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. पाट्या बदलल्या, पण रूळ, गाडी आणि जबाबदारी एकाच हाती आली. ही शाखा आजही टिकून आहे.

मुख्य मार्गानेच शेगाव, अकोला ओलांडून पुढे गेले की मूर्तिजापूर लागते. तिथली हकीगत मात्र वेगळी आहे.

मूर्तिजापूरहून एका बाजूस यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूस अचलपूर अशी नॅरो गेज लाइन निघते. लोक तिला लाडाने 'शकुंतला' म्हणतात. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. उद्देश तोच, वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेणे. देशातील रेल्वे सरकारजमा झाली तेव्हा ही लाइन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालविणार रेल्वे, रूळ कंपनीचे, आणि दर दहा वर्षांनी करारनाम्याची मुदत वाढवायची, असा हा व्यवहार होता.

मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या लाइनीवर सत्तर वर्षे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन जोडले गेले. कोळसा, पाणी, भट्टी पेटविण्याचा वेळ, सारे वाचले. लोकांना वाटले, आता शकुंतलेचे दिवस पालटले. पण इंजिन नवे आले तरी खालचे रूळ आणि पूल जुनेच होते. रूळ थकलेले असले म्हणजे दमदार इंजिनालाही हळूच चालावे लागते. तेवढ्या वेळात बस आणि ट्रक माल पोहोचवून परत येतात. २०१० नंतरच्या दशकात येथील गाड्या एकेक करून थांबल्या. यवतमाळ-अचलपूर पट्ट्यातील गरीब प्रवाशाचे स्वस्त वाहन गेले.

माथेरानचे उदाहरण

दुसरी गोष्ट नेरळ-माथेरानची. ही लाइन मुंबईचे नामांकित व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून झाली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले. १९०४ ते १९०७ या काळात, सुमारे सोळा लाख रुपये खर्चून, वीस किलोमीटरची वळणावळणाची लाइन डोंगरावर चढविली. इंजिने जर्मनीची, ओरेनश्टाइन आणि कोपेल कारखान्याची. पुढे ही लाइन मध्य रेल्वेकडे आली. १९५० च्या दशकात तिच्यासाठी जर्मनीच्याच युंग कारखान्याची छोटी डिझेल इंजिने आली. ही आपल्या देशातील नॅरो गेजवरील सुरुवातीची डिझेल इंजिने होत. वाफेची इंजिने १९८० च्या दशकात निवृत्त झाली. डिझेलने मात्र पुढेही अनेक वर्षे घाट चढला. २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला, तरी दुरुस्ती होऊन २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. मालकी आणि देखभाल एकाच घरात असल्याने खर्च कोणी करायचा यावर वाद राहिला नाही.

कारागिराचे महत्त्व

जुन्या डिझेल इंजिनाची एक खोड आपल्या मिस्त्री बंधूंना चांगली माहीत आहे. वेळेवर तेल बदलले, पंप आणि नोझल साफ ठेवले, पाण्याचा मार्ग तुंबू दिला नाही, तर ते दोन पिढ्या चालते. पण बनविणारा कारखाना बंद झाला की सुटा भाग बाजारात मिळत नाही. मग खरादीवर बसून हाताने घडविणारा माणूसच इंजिनाचा खरा आधार ठरतो. इंजिनाची किंमत कागदावर कितीही असो, त्याचे आयुष्य या माणसाच्या हातात असते.

आपल्यासाठी धडा

वाचकहो, आपल्याकडे जिनिंगची यंत्रे, पिठाची गिरणी, लेथ, ट्रक असे किती तरी माल भागीदारीत किंवा भाड्याने चालतात. जागा एकाची, यंत्र दुसऱ्याचे, मेहनत तिसऱ्याची. नफ्याची वाटणी पहिल्याच दिवशी ठरते. मोडले तर कोण दुरुस्त करणार, घसारा कोण सोसणार, मुदत संपल्यावर यंत्र कोणाकडे जाणार, हे मात्र 'आपसात पाहून घेऊ' म्हणून सोडून दिले जाते. भाऊ-भाऊ असले तरी इथेच गाडी अडते.

म्हणून लिखापढी करताना चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : दुरुस्तीचा खर्च कोणाचा, दरमहा देखभालीसाठी किती रक्कम बाजूला काढायची, करार किती वर्षांचा, आणि तो मोडल्यास हिशेब कसा करायचा. शकुंतलेला नवे इंजिन मिळाले, पण तिच्या रुळांची काळजी वाहणारा कोणी राहिला नाही. आपल्या धंद्यात तसे होऊ नये, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.